बारा पॉइंट सात व्होल्ट आणि आत्याचं माहेर

आमच्या सोसायटीत आमची ओळख आता ‘ते मिनीबसवाले’ एवढीच उरली आहे. घरात माणसं दोन, दोघंही निवृत्त, आणि खाली पार्किंगमध्ये एका शाळेनं काढून टाकलेली जुनी मिनीबस. तिच्यातल्या सीटा आम्ही उपटल्या, आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज बसवला आणि तिला ‘चालतं घर’ म्हणायला लागलो. सुतारकाम नवऱ्यानं, म्हणजे अविनाशनं केलं. वीजकाम मी केलं. बँकेत आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्या, वायर कधी सोलली नव्हती. पण व्हिडिओ बघून माणूस बरंच काही शिकतो, आणि त्याच्या दुप्पट शिकलो असं त्याला वाटतं. आजचा लेख त्या वरच्या दुपटीबद्दल आहे.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना स्वतःचं चालतं घर करायचंय, हे तुमच्या पत्रांवरून कळतं. तुम्ही विचारता, पाण्याची टाकी किती मोठी घ्यावी, संडासाचं काय, विजेचं काय. पहिल्या दोन प्रश्नांना अविनाश उत्तर देतो. विजेचं उत्तर मी द्यायचे, आणि फार ऐटीत द्यायचे. एका बाईंना तर मी ‘बॅटरी म्हणजे लहान मूल, तिची भाषा कळायला हवी’ असं लिहिलं होतं. त्या बाईंची मी इथे जाहीर माफी मागते.

निघायचं निमित्त झालं कमलआत्याचं. ही माझ्या वडिलांची मोठी बहीण, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत राहते. तिची फुप्फुसं थकली आहेत, दिवसातला बराच वेळ ऑक्सिजन लागतो. त्यासाठी घरात एक मशीन आहे, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकाशी पोचवणारं. आत्याची धाकटी बहीण शांताआत्या तळेगावात, म्हणजे श्यामजी पंतांच्या तळेगावात. तेच दोघींचं माहेर, आणि शांताआत्याचं तर सासरही त्याच गावात. मध्ये अंतर साठ-सत्तर किलोमीटरचं. पण आत्याला मशीन सोडून इतका वेळ राहता येत नाही, आणि शांताआत्याचे गुडघे तिला गाडीची पायरी चढू देत नाहीत. त्यामुळे दोघी बहिणी कित्येक वर्षं नुसत्या फोनवर भेटत होत्या. दोघींनाही कमी ऐकू येतं, म्हणून त्या भेटी शेजारपाजाऱ्यांनाही पाठ होत्या.

दसऱ्याच्या आधी आत्याचा मला फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं हळूच विचारलं, “तुयी ते गाडी हाय ना, घरावानी? तिच्यात माही मशीन चालन काय?”

मी म्हटलं, चालेल की. विचार वगैरे काही केला नाही.  तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिनं घाईघाईनं फोन ठेवून दिला. अविनाशनं माझ्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, की ते मशीन किती वॅटचं आहे हे तुला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं.

मग मात्र मी नेटानं कामाला लागले. मशीन साधारण साडेतीनशे वॅटचं निघालं, म्हणजे आमच्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून तीसएक अँपिअर ओढणारं. दोन मोठ्या बॅटऱ्या, चांगला इन्व्हर्टर, छतावर सोलर. हिशोबात सगळं बसत होतं. खात्री म्हणून मी गाडीत इस्त्री लावून बघितली. ती छान तापली. त्या इस्त्रीनं मी अविनाशचे चार शर्टही करून दिले, केवळ दाखवायला.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्याकडे या दिवशी हत्यारं पुजतात. माहेरी विळा आणि कुऱ्हाड असायची, इथे अविनाशची करवत आणि रंधा असतो. यंदा पहिल्यांदा पाटावर माझाही मान होता. मल्टिमीटर, पक्कड, वायरच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टात अडकवायची तांब्याची कडी, दाबायचं यंत्र. बॅटऱ्यांची पूजा गाडीतच. मी शास्त्रशुद्ध बाई, त्यामुळे आधी सगळ्या जोडण्या सोडल्या, पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केल्या, मग हळद-कुंकवाचं गंध, अक्षता, झेंडू वाहिला आणि मग सगळं परत कसून जोडलं. अविनाशनं फोटो काढला. चालत्या घरवाल्यांचा आमचा एक गट आहे, तिथे त्या फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. पूजेनंतर पुन्हा इस्त्री लावून बघावी असं काही मला वाटलं नाही. देवाचं झालं होतं.

दसरा झाल्यावर पुण्याहून निघालो. पहिला मुक्काम संभाजीनगरला मैत्रिणीच्या अंगणात. दुसऱ्या दिवशी सकाळीच समृद्धी महामार्गाला लागलो. जाणाऱ्यांसाठी सांगते, रस्ता उत्तम आहे आणि हाच त्याचा धोका आहे. गाडी चालवतोय की बसल्या जागी रस्ता मागे सरकतोय हे कळेनासं होतं. आमच्यासारखी जुनी गाडी असेल तर टायर आधी दाखवून घ्या, पाणी आणि खाणं सोबत ठेवा, दर तासाभरानं थांबा. टोल अंतराप्रमाणे लागतो. आमचा किती झाला ते लिहीत नाही, हा ब्लॉग माझी जाऊ वाचते.

अशाच एका थांब्यावर मी चहासाठी विजेची किटली लावली. पाणी कोमट व्हायच्या आत इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद पडला. त्याच वेळी हळद करपल्यासारखा वास आला. मी अविनाशला म्हटलं, मागच्या ट्रकवाल्यानं फोडणी टाकलेली दिसते, हात जड आहे त्याचा. किटलीबद्दल माझं निदान असं, की ती जास्त वॅटची आहे, इन्व्हर्टरनं योग्य तेच केलं. चहा गॅसवर केला. पंखा, दिवे, फ्रिज सगळं बिनतक्रार चालू होतं. मीटर लावून पाहिला, बॅटरी बारा पॉइंट सात. पूर्ण भरलेली बॅटरी एवढीच दाखवते. मी समाधानानं चहा प्यायले.

येळाकेळीला समृद्धी सोडली की वर्धा हाकेच्या अंतरावर. वाटेत शेतांतून सोयाबीन निघालेलं, कपाशीला बोंडं फुटायला लागलेली. सिंदी मेघेच्या गल्लीत मिनीबस शिरली तेव्हा दोन स्कूटर आणि एक भाजीची गाडी मागे घ्यावी लागली. आत्याच्या दारासमोर लावून खाली उतरतो तोच एक आजोबा विचारत आले, की साखर इथंच तपासून मिळते का. आसपास इस्पितळं आणि त्यांच्या शिबिरांच्या गाड्या नेहमीच्या. आमची पांढरी गाडी, आत पलंग, वर पंखा, त्यामुळे त्यांची काही चूक नव्हती. तासाभरात आणखी तिघं आले. एका बाईंनी डोळ्यांचा नंबर विचारला. अविनाशनं एकाची तक्रार पूर्ण ऐकूनसुद्धा घेतली.

आत्या दारात उभी होती, नाकाला नळी, अंगावर नवी जांभळी साडी. जायचं अजून दोन दिवसांनी होतं. मी म्हटलं, आत्या, आजच नेसलीस? तर म्हणाली, फॉल नीट लागला का ते पाहत होते. तिच्या पलंगाखाली पिशवी भरून तयार होती. त्यात शांताआत्यासाठी गोरसपाकाचे, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचे, दोन पुडे, एक स्वेटर आणि वेदना कमी करणारं तेल.

इथे रंगारी सिस्टरांची ओळख करून द्यायला हवी. त्या शेजारी राहतात, आयुष्य सेवाग्रामला इस्पितळात काढलेल्या, आता निवृत्त. आत्याच्या डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला तो सिस्टर सोबत असतील या अटीवर. दुसरी अट अशी, की मशीन गाडीच्या विजेवर चाललं पाहिजे. सोबत एक ऑक्सिजनचा सिलेंडर असेल, पण तो लहान, अडीअडचणीसाठी. जाण्यायेण्याला आणि तिथे थांबायला तो पुरणार नव्हता.

संध्याकाळी चाचणी ठेवली. सिस्टर आल्या, आत्यानं गाडीतल्या पलंगावर मांडी घातली, प्रवासासाठी भाड्यानं आणलेलं तसंच दुसरं मशीन लावलं. मी चार शब्द बोलले, सोलरबद्दल. मशीन घरघरलं, आत्या हसली, आणि इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद पडला. पुन्हा लावलं, पुन्हा टीं-टीं. तिसऱ्यांदा सिस्टरांनी शांतपणे आत्याची नळी काढून तिला घरातल्या मशीनला जोडलं आणि मला बाजूला घेतलं.

“ताई, मशीन चालली नाई तर गाडी निघनार नाई. मी आजीले नेनार नाई. राग मानू नका.”

मी राग कसला मानणार, त्यांचं बरोबर होतं. दुसरा पर्याय म्हणून अविनाशनं रुग्णवाहिकेचा विषय काढला. आत्या आतून ओरडली, “अँब्युलन्सनं माहेरी जाऊ काय मी, जवाईबापू? शांता मले पाहूनच हाय खाईन.” मग ती जांभळी साडी बदलायला गेली. मी मुकाट्यानं मल्टिमीटर काढला.

दुसरा दिवस माझ्या विद्वत्तेचा. सकाळी वर्ध्यात तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे खाल्ले, इकडे आलात तर चुकवू नका, तर्री मात्र आधी थोडीच मागा. मग कामाला लागले. मीटर लावला, बॅटरी बारा पॉइंट सात. म्हणजे बॅटरी ठणठणीत, म्हणजे इन्व्हर्टर बिघडला. इन्व्हर्टर उघडला, आत काय बघायचं ते माहीत नव्हतं, बंद केला. मग वाटलं फ्यूज. फ्यूज नवा घातला. तेही नाही. मग वाटलं बॅटरीत पाणी कमी असेल, म्हणून डिस्टिल्ड वॉटर ओतलं आणि ते काठोकाठ गेलं. ते सुरुवातीपासून पुरेसंच होतं, हे ओतल्यावर कळलं. मग सोलरचा कंट्रोलर सोडून परत जोडला, कारण तो हाताशी होता. प्रत्येक उपायानंतर मीटर लावायचा, बारा पॉइंट सात यायचे, मशीन लावायचं, टीं-टीं व्हायचं. मधूनच तो हळद करपल्याचा वास यायचा. मला वाटलं आत्याकडे स्वयंपाकाच्या बाई आल्या असाव्यात.

शेवटी गटावर विचारलं. एकानं लिहिलं दोन्ही बॅटऱ्या बदला. दुसऱ्यानं लिहिलं इन्व्हर्टर बदला. तिसऱ्यानं लिहिलं गाडी बदला. एका काकांनी विचारलं, वायर शनिवारी आणली होती का. आणि एका बाईंनी, बहुधा त्याच, ज्यांना मी लहान मुलाचं ते ज्ञान दिलं होतं, त्यांनी लिहिलं, ‘तिची भाषा ऐका.’

अविनाश म्हणाला, आपण वर्ध्यातून कुणी इलेक्ट्रिशियन बोलावू. मी म्हटलं, माझ्या वायरिंगला कुणी हात लावायचा नाही. हे वाक्य मी नंतर दिवसभर मनात परत घेत होते. मी एवढी चिडले की त्यानं मला धरून सेवाग्रामला नेलं. आश्रमातल्या मातीच्या कुट्या, सारवलेली जमीन, बांबूची छपरं, झाडांखालची सावली. सकाळच्या वेळी गेलात तर गर्दी नसते, प्रवेशाला काही पडत नाही, चपला बाहेर काढाव्या लागतात. लोक तिथे शांत होऊन बसले होते. मी कुटीच्या कोपऱ्यात वायर कुठून आणली असेल ते शोधत होते. अविनाशनं माझा दंड धरून बाहेर नेलं. झाडाखाली बसल्यावर मला रडू आलं. आत्याची भरलेली पिशवी डोळ्यांपुढून जाईना. एवढी वर्षं तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते माझ्या फुशारकीवर विसंबून.

दुपारी परतलो तेव्हा सिस्टर ओसरीवर आत्याला तपासत होत्या. बोटाला लावायचा तो चिमटा असतो ना, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा, तो लावला होता. आत्याची नळी काढलेली होती आणि आकडा चांगला दिसत होता. आत्या मोठ्या उत्साहात होती.

“पाहा सिस्टर, मस्त हाय ना. मले मशीन लागतच नाई. मी अशीच जातो तळेगावले.”

“आजी, बसल्या बसल्या सगळ्यांचाच आकडा चांगला येते,” सिस्टर म्हणाल्या. “उठा, फाटकापर्यंत चला, मंग पाहू.”

आत्या उठली, फाटकापर्यंत गेली आणि परत आली. आकडा धडाधड खाली आला होता. सिस्टरांनी नळी परत लावली. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच फितूर झाले. मी मात्र हातातल्या मल्टिमीटरकडे बघत होते. दोन दिवस मी बॅटरीला बसवून विचारत होते, कशी आहेस, आणि ती म्हणत होती, मस्त.

मी धावत गाडीत गेले. अविनाशला सांगितलं, मशीन चालू कर आणि इन्व्हर्टर ओरडला तरी दोन-चार सेकंद राहू दे. आता काम चालू असताना मोजायचं. बॅटरीच्या दोन टोकांवर सव्वाबारा, म्हणजे बॅटरी खरंच चांगली होती. इन्व्हर्टरच्या दोन टोकांवर जेमतेम साडेदहा. म्हणजे बॅटरीतून निघालेले पावणेदोन व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं इन्व्हर्टरच्या प्लसला लावलं, जवळपास शून्य. ही वाट साफ. मग मायनसपासून मायनसपर्यंत लावलं. तिथे पावणेदोन व्होल्ट आरामात बसले होते.

आता या मायनसच्या वाटेबद्दल. मी जाड केबल वाचवायला बॅटरीचा मायनस गाडीच्या लोखंडी सांगाड्याला एका बोल्टनं जोडला होता आणि इन्व्हर्टरचा मायनस मागच्या बाजूला दुसऱ्या बोल्टनं. मधलं लोखंड केबलचं काम करतं. हे व्हिडिओत बघितलेलं होतं आणि त्यात चूक काही नाही, बोल्ट नीट असतील तर. मी फळी उचलली आणि बॅटरीजवळच्या बोल्टला बोट लावलं. बोट भाजलं. आणि हळद करपल्याचा तो वास, समृद्धीवरच्या ट्रकवाल्याचा, आत्याच्या स्वयंपाकघराचा, सरळ माझ्या नाकात शिरला.

मशीन बंद करून, बोल्ट निवल्यावर मी नट सोडला. लग उचलला. खाली काळपट लाल खपली होती, आणि त्या खपलीत चिरडून बसलेल्या चार-पाच अक्षता.

मी वाचलं होतं की गाडीतले निम्मे बिघाड अर्थिंगच्या बोल्टपाशी होतात. म्हणून खंडेनवमीला त्या बोल्टची मी विशेष पूजा केली होती. बाकी सगळीकडे एक बोट गंध, तिथे दोन. बाकी सगळीकडे दोन दाणे, तिथे चिमूट. आणि मग ओल्या गंध-अक्षतांवरच लग ठेवून, भक्तिभावानं, नट कसला होता. दिवा-पंख्याएवढा थोडका प्रवाह उरलेल्या फटीतून कसाबसा जात होता. मोठा प्रवाह आला की तिथे तांदूळ शिजत होता.

अविनाशनं वाकून पाहिलं. त्यानं फक्त मोबाइल काढला. मी त्याला म्हटलं, हा फोटो गटावर गेला तर मी पुण्याला एकटी परत जाईन. तो म्हणाला, एकटी जाशील, पण वाटेत तुझी बॅटरी कोण बघणार?

बोल्ट घासला, लग घासला, दातेरी वॉशर घातला, नट कसला, वरून ग्रीस लावलं. मशीन चालू केलं. घरघर सुरू झाली आणि सुरूच राहिली. मी चालू मशीनवर पुन्हा मोजलं, मायनसच्या वाटेवर आता जवळपास काहीच हरवत नव्हतं. सिस्टरांनी खुर्ची टाकली आणि पोथी ऐकायला बसावं तशा त्या मशीन ऐकत बसल्या. बऱ्याच वेळानं उठून म्हणाल्या, उद्या सकाळी निघू.

झालेला प्रकार आत्याला सांगावा लागला. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही, गंभीरपणे विचार करून म्हणाली, “पूजा करजो बाई, सोडू नको. पन आधी नट कसजो, मंग कुकू लावजो.” एवढं सोपं मला एकाही व्हिडिओत सापडलं नव्हतं.

सकाळी निघालो. आंजी, खरांगणा, पिंपळखुटा, आर्वी. रस्ता बराचसा चांगला, अधेमधे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून इन्व्हर्टरकडे बघत होते. आत्या पलंगावर उशीला टेकून खिडकीतून बाहेर बघत होती. कुणाचं शेत कुणी घेतलं, कोणत्या फाट्यावर पूर्वी बैलगाडी अडायची, हे सगळं ती सिस्टरांना सांगत होती. सिस्टर एका हातानं चिमट्यावरचा आकडा बघत हुंकार देत होत्या. खरांगण्याच्या पुढे जंगल लागतं तिथे आत्यानं खिडकीची काच सरकवली. आर्वी मागे पडल्यावर रस्त्याकडेला संत्र्यांच्या बागा दिसू लागल्या, तेव्हा तिनं पदर नीट केला. मशीन घरघरतच होतं. मला वाटतं, आयुष्यात कुठल्याही आवाजावर मी इतकं प्रेम केलेलं नाही.

तळेगावात शांताआत्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, सकाळपासून बसली असणार. आम्ही आत्याला आणि तिच्या मशीनला अल्लद उतरवलं, घरातल्या बाजेवर बसवलं, मशीनची वायर गाडीतूनच खिडकीवाटे आत घेतली, कारण गावात त्या वेळी लाइन गेलेली होती. मला कोण आनंद झाला. लाइन गेली म्हणून आनंद होणारी त्या गावातली मी पहिलीच असेन.

दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. शांताआत्या म्हणाली, किती वाळलीस. कमलआत्या म्हणाली, तुले काय झालं फुगायले. मग शांताआत्या काहीतरी बोलली आणि कमलआत्याला ते ऐकू आलं नाही. ती पुन्हा बोलली. कमलआत्यानं कान पुढे केला, मान हलवली, आणि मशीनकडे बोट दाखवून मला म्हणाली,

“नंदे, हे बंद कर जराशी. तिचं बोलनं आयकू दे मले.”

मी सिस्टरांकडे बघितलं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या उठल्या, गाडीतून सिलेंडर आणला, नळी त्याला जोडली आणि म्हणाल्या, “येताना मशीन चालली म्हनून हा पुरा भरून हाय. घ्या आजी, तासभर बोला.” मग त्यांनी स्वतः मशीन बंद केलं.

घर एकदम शांत झालं. सिलेंडरला आवाज नसतो. शांताआत्या बाजेवर सरकली, दोघींचे गुडघे एकमेकींना लागले, आणि त्या बोलायला लागल्या, ओरडून नाही, साध्या आवाजात. मी ओट्यावर जाऊन बसले आणि डोळे पुसले. आतून बोलणं ऐकू येत होतं. विषय एवढाच होता, की आईच्या हातच्यासारखी वांग्याची भाजी कुणाला जास्त चांगली येते. मग त्याच भाजीसोबत गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे वाढले गेले आणि त्या वादाचा निकाल मला देता आला नाही, कारण तिखटानं बोलती बंद झाली होती. परतीच्या वाटेवर मशीन पुन्हा लागलं ते सिंदी मेघेपर्यंत. आत्या झोपली होती, मांडीवर संत्र्यांची पिशवी धरून.

पुण्यात परत आलो त्याला आता बरेच दिवस झाले. काय राहिलं, असा प्रश्न प्रवासवर्णनाच्या शेवटी स्वतःला विचारायचा असतो. माझ्या बोटावर एक डाग राहिला आहे. फ्रिजच्या दारावर अविनाशनं चिकटवलेला त्या बोल्टचा फोटो राहिला आहे, पाहुणे आले की तो आधी तिथेच नेतो. मायनससाठी मी आता स्वतंत्र जाड केबल टाकली, आणि कुंकू बॅटरीच्या डब्याच्या झाकणावर लावते. चालतं घर करणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच उरलं आहे. बाकीची ऐट तळेगावच्या त्या बाजेपाशी सुटली. दोन दिवस ज्या आवाजासाठी मी जीव टाकला, तो आत्याला सगळ्यात आधी बंद करून हवा होता, आणि तो बंद करता येण्यासाठीच मी तो चालू केला होता, हे मला ओट्यावर बसल्यावर समजलं.

काल आत्याचा फोन आला. संक्रांत जवळ आली आहे. इकडचं तिकडचं झालं, शांताआत्याच्या तिळगुळाच्या लाडवांचा विषय निघाला, मग तिनं हळूच विचारलं, “तुयी बॅटरी किती हाय आता?”

“बारा पॉइंट सात, आत्या.”

“बसल्या बसल्या सांगून राह्यली, का चालवून पायली?”

मी तिला थांब म्हटलं, चपला घातल्या आणि इस्त्री घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले.